दाढीबुवा आणि दुपारचा पहारा

हळदीच्या दिवसांत आमच्या घरात पांढरं म्हणून काही उरत नसे. भाकरीची परात, उशांच्या खोळी, दाराच्या कड्या, सगळ्यांवर पिवळी झाक यायची. मायच्या टाचांच्या भेगांत तर हळद एकदा शिरली की पावसाळा लागेपर्यंत मुक्काम हलवायची नाही. आमचं गाव कुरुंद्याच्या शिवाराला लागून. पहाटे हळद शिजवायच्या काहिलीखाली जाळ लागायचा, पोत्यांनी झाकलेल्या हळदीला फेस यायचा आणि मातीचा, पाल्याचा, औषधाचा असा एक मिसळलेला वास घरात येऊन बसायचा. दुपारी ढोल सुरू व्हायचा. वाळलेली हळद घासून चकचकीत करायचं ते पत्र्याचं मोठं पिंप. दोन गडी दोन्ही बाजूंनी दांडा फिरवायचे आणि आत हळकुंडं एकमेकांवर आपटत राहायची. त्याचा आवाज कानापेक्षा छातीलाच जास्त लागायचा. मला तो आवडायचा. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण अठरा वर्षांच्या पोरीला ढोलाचा आवाज आवडतो हे ऐकून माझं लग्न आणखी एक वर्ष लांबलं असतं. आता मोटारीवरचे ढोल आलेत, काहिलींच्या जागी बॉयलर आलेत, आणि सुनेला मी हे सांगायला बसले की ती म्हणते, आई, किती कष्ट होते तुम्हाला. होते. पण मला आधी तो आवाज आठवतो आणि नंतर कष्ट, याला मी तरी काय करू?

त्या वर्षी हिवाळ्यात मधुदादा आला. मधुदादा माझ्या आत्याचा मुलगा. आत्या लवकर गेली, म्हणून तो आमच्याच घरी वाढला आणि पुढे वायरमनचं काम शिकून आखातात गेला. सुट्टीवर येताना त्यानं एक टेपरेकॉर्डर आणला. रेडिओही त्यातच होता. मायनं त्याला आपल्या जुन्या लुगड्याचा झगा शिवला आणि पहिले काही दिवस घरात येईल त्याला तो झगा वर करून यंत्राचं मुखदर्शन घडवलं. सोबत तीन कॅसेट होत्या. मधुदादाच्या कामावरचा एक गोरा साहेब मायदेशी परतताना त्या याला देऊन गेला होता. तिन्हींवर एकाच माणसाचा फोटो. पिकलेली दाढी, डोक्यावर चुरगळलेली टोपी आणि गळ्यात एक लांब मानेचं वाद्य. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो फोटो उजेडात धरून तारा मोजल्या आणि चारच निघाल्या म्हणून ते जरा नाराज झाले.

मधुदादाला साहेबानं जे सांगितलं होतं ते त्यानं आम्हाला सांगितलं. हा माणूस एका नावाजलेल्या कंपूत वाजवायचा. पुढे दोघं-तिघं गाणारे, नाचणारे, गिटारीवर करामती करणारे; हा मागे, ढोलकीवाल्याच्या बाजूला उभा राहून खालचा सूर धरायचा. त्या वाद्याचं कामच ते. सगळी जवानी त्यात गेली. कंपूच्या फोटोत याचा अर्धा खांदा फ्रेमच्या बाहेर. मग दाढी पिकल्यावर यानं स्वतःच्या नावानं कॅसेटी काढल्या. आप्पा ऐकत होते. मधुदादा त्यांना म्हणाला, “तुमच्यावाणीच हाय मामा. बाकीचे गातेत, ह्यो धरून ठिवतो.” आप्पांनी फोटो परत दिला आणि म्हशीकडे बघायला गेले. त्या दिवसापासून त्या माणसाचं आमच्या घरातलं नाव दाढीबुवा पडलं. खरं नाव कॅसेटवर होतं, पण ते उच्चारायची कोणाची छाती झाली नाही.

मधुदादा असं का म्हणाला ते सांगायला हवं. आमच्या गावात चैत्रात, हनुमान जयंतीला धरून मारुतीसमोर सप्ता बसतो. सात दिवस नाम अखंड चालतं आणि सात दिवस वीणा खाली टेकत नाही. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या, मग ते बापलेक का असेनात. दिवसाचे आणि रात्रीचे पहारे वाटून दिलेले असतात. दुपारचा पहारा कोणालाच नको असतो, कारण चैत्रातलं ऊन आणि वर हळदीची घाई. सगळं गाव खळ्यावर, मांडवात डुलक्या घेणाऱ्या दोन म्हाताऱ्या आणि पाराखाली एक कुत्रं. तो पहारा वर्षानुवर्षं आप्पांचा. ते वीणा छेडायचे आणि एकटेच नाम घ्यायचे, स्वतःपुरतं. माइक ते चालू करू देत नसत. दुपारच्याला लोक आडवे होतात, काहून तकलीफ द्यायची, असं म्हणायचे. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच सप्त्यात त्यांनी माइकवर एक अभंग म्हटला होता. त्यांचा आवाज घोगरा, भरडल्यासारखा. त्यात कर्ण्यानं आणखी चरे पाडले. पुढे कितीतरी दिवस गावातली पोरं नाकात बोलून त्यांची नक्कल करत होती. माय नवी नवरी होती, आडावर तिच्याही कानावर ते आलं. तेव्हापासून आप्पा गायचे ते फक्त म्हशीजवळ आणि दुपारच्या पहाऱ्यात.

तर दाढीबुवा. पहिल्या दिवशी आम्ही कॅसेट लावली आणि सगळ्यांचीच निराशा झाली. टिक टिक टिक असा काहीतरी पत्रा वाजत होता आणि मधूनमधून एक म्हातारा कण्हत होता. खालचा सूर म्हणावा असं काहीच नव्हतं. माय भाकरी थापता थापता म्हणाली, “पोटात दुखून राहिलं असल त्याच्या. ओवा द्या म्हणावं.” मधुदादा ओशाळला. सुट्टी संपल्यावर तो गेला, यंत्र आणि कॅसेटी आमच्याकडे ठेवून गेला. मायनं मला बजावलं की हळद सुरू झाली आहे, यंत्रात भुकटी गेली तर मधुला काय तोंड दाखवू, कुठंतरी नीट ठेव. ओसरीच्या कोपऱ्यात एक रिकामा रांजण होता. त्याच्या तोंडावर दोन काठ्या आडव्या टाकून मी यंत्र पालथं ठेवलं, वर झगा टाकला आणि गंमत म्हणून बटण दाबलं. रांजणातून जो आवाज आला त्यानं मी दोन पावलं मागे सरले. तो ढोलाचा आवाज होता. म्हणजे ढोलाचा नव्हे, पण तसाच, खालून येणारा, पायाच्या तळव्यांना कळणारा. टिक टिक करणारा पत्रा मागे गेला आणि त्याच्या खालून एक जण सावकाश, न थकता चालत असलेला ऐकू यायला लागला. इतके दिवस हा माणूस आमच्या घरात वाजवत होता आणि आमच्या यंत्राच्या तोंडातून तो बाहेरच पडत नव्हता. मी धावत जाऊन आप्पांना हाताला धरून आणलं. ते रांजणाजवळ उकिडवे बसले, रांजणाच्या पोटाला हात लावला आणि बाजू संपेपर्यंत तो काढला नाही.

त्यानंतरचे दोन-तीन महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. दुपारी भाकरी, ठेचा आणि कांदा खाऊन झाला की आप्पा ओसरीवर टेकायचे आणि मी रांजणावर कॅसेट लावायचे. त्या तीन कॅसेटी मी इतक्यांदा ऐकल्या की अजूनही मला त्या मनात लावता येतात. पहिल्या कॅसेटमध्ये दाढीबुवा लाजलेला आहे. स्वतःच्या नावाची कॅसेट, आणि निम्म्याहून जास्त गाणी दुसऱ्यांना म्हणायला दिलेली. एक बाई तर अशी दणदणीत गाते की ही कॅसेट तिचीच वाटावी, आणि हा तिच्या मागून चालतो, ती श्वास घ्यायला थांबली की तेवढ्या जागेत दोन सूर टाकतो आणि पुन्हा मागे होतो. मला राग यायचा. अरे बाबा, घर तुझं, पाहुण्यांना किती बसवून घेशील? दुसऱ्या कॅसेटमध्ये त्याला जरा धीर आलाय. लांबलचक गाणी आहेत, आणि एका ठिकाणी बाकी सगळे थांबतात आणि तो एकटाच वाजवत राहतो. आता कोणी म्हणेल, मग तिथे यानं करामत दाखवली असेल. नाही. तो जे मघापासून वाजवत होता तेच वाजवतो, फक्त आता ते उघड्यावर आलेलं असतं. तेव्हा कळतं की मघाची सगळी इमारत कशावर उभी होती. आप्पा त्या जागी दर वेळेला मान हलवायचे, कीर्तनात हलवतात तशी.

तिसरी कॅसेट सगळ्यात आवडती. तीत माणसं कमी आहेत, पेटीसारखं काहीतरी आहे, हळू वाजणारी ढोलकी आहे आणि सगळी गाणी तो स्वतःच म्हणतो. आवाज कसा म्हणाल तर दगडावर पोतं ओढल्यासारखा. वरचा सूर आला की तो फाटतो आणि तो ते लपवत नाही. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी तो चक्क खाकरतो. घसा साफ करतो, जरा थांबतो आणि मग गायला लागतो. मला त्याचं हसू यायचं. एवढी मोठी कंपनी कॅसेट काढते, तिला हे खाकरणं कापता आलं नाही? मी ते पुढे पळवायला लागले तर आप्पा म्हणाले, “ते खाकरणं राहू दे.” मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, “असल्या आवाजाची कॅसेट निघती म्हणजे.” मी म्हटलं, निघाली की, तुमच्या पुढ्यातच वाजून राहिली. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते स्वतःहून म्हणाले, तिसरी लाव.

गाण्यांचे अर्थ आम्हाला कळत नव्हते, म्हणून मी ते लावले होते. तिसऱ्या कॅसेटमधलं ते खाकरण्यानंतरचं गाणं विरहाचं आहे हे मी ठरवून टाकलं होतं. माणूस म्हातारा झालाय, देवाला हाक मारतोय, देव येत नाही. मी मायलाही तसं सांगितलं आणि तिचे डोळे भरून आले होते. परवा माझ्या नातीनं, जुईनं, ते नीट ऐकून मला सांगितलं की ते गाणं थंडीत सुरू न होणाऱ्या जुन्या ट्रकबद्दल आहे. मला आधी वाईट वाटलं. मग वाटलं, हाका मारूनही येत नाही, एवढं तरी आपलं बरोबर होतं.

होळी झाली, पाडवा जवळ आला आणि सप्त्याची बैठक आमच्याच ओसरीवर बसली. सप्त्याचे पुढारी नारायणराव होते आणि गावचे गायक शंकरबुवा. शंकरबुवांचा आवाज म्हणजे गावाचं भूषण. नरसीहून येणारे महाराजसुद्धा त्यांनाच मागे गायला घ्यायचे. मायनं चहा आणि मुरमुऱ्यांचा सुसला केला होता. खाणं झाल्यावर नारायणरावांनी विषय काढला. दुपारच्याला कर्णा मुका राहतो. खळ्यावरच्या लोकांना वाटतं सप्ता मोडला. शेजारच्या गावात हसून राहिले. मग ते आप्पांना म्हणाले की एक तर तुम्ही माइकवर नाम घ्या, नाहीतर दुसरी सोय करावी लागेल. आप्पा खाली बघत राहिले. मला वाटलं आता हो म्हणतील, आता हो म्हणतील. ते म्हणाले, “माजा आवाज तुमाला म्हाईत हाय, नारायणराव.” नारायणरावांनी ते कबुलीसारखं धरलं. सोय त्यांनी आधीच ठरवून आणली होती. आमच्या घरात टेप होता. शंकरबुवांचं नाम एका कॅसेटवर भरायचं आणि दुपारी टेपसमोर माइक ठेवून द्यायचा. नाम अखंड, आवाज गोड, आणि कोणाला उन्हात उभं राहायला नको. वीणा तेवढा वेळ मारुतीसमोरच्या खुंटीला अडकवायची. खुंटीला अडकवली म्हणजे काही खाली टेकली असं नाही. नारायणराव वाईट माणूस नव्हते. गावाचं भलंच बघत होते. पण त्या क्षणी मला त्यांच्या हातातली बशी काढून घ्यावीशी वाटली.

भरणं आमच्याच घरी झालं, त्याच यंत्रावर. शंकरबुवा गायले, आणि वीणा कोणीतरी धरायला हवी म्हणून ती आप्पांनीच धरली. आपल्या जागी बसणाऱ्या यंत्राला सूर देत माझा बाप बसला होता आणि मी लाल बटण दाबून शेजारी. ते गेल्यावर मी ती कॅसेट रांजणावर लावून बघितली. वर शंकरबुवांचा आवाज, स्वच्छ, गोड. आणि खाली, एरवी अजिबात न येणारी, आप्पांची वीणा. मी त्यांना म्हटलं, तुम्ही आहात यात. ते म्हणाले, बराबर हाय, पण मांडवात कुठं रांजण ऱ्हाणार हाय? मायनं त्या रात्री वांग्याची भाजी केली होती. त्यांना ती फार आवडायची, पण ते नीट जेवले नाहीत.

सप्ता बसला. मला काम दिलं होतं कॅसेटची बाजू उलटायचं, कारण गावात ते यंत्र मलाच चालवता येत होतं. पहिल्या दुपारी मी टेप घेऊन मांडवात गेले तर आप्पा आधीच तिथे उभे. धुतलेलं धोतर, टोपी, गळ्यात वीणा. नारायणराव चकित होऊन म्हणाले, तुम्हाला उभं राहायची गरज नाही आता. आप्पा म्हणाले, “नाम टेप घेतो म्हणता, घेऊ द्या. वीणा खुंटीला न्हाई लावायची.” मग रोज असंच झालं. टेबलावर टेप गायचा, आप्पा बाजूला उभे राहून वीणा छेडायचे, ओठ मिटलेले. माइकचं तोंड टेपकडे. कर्ण्यातून शंकरबुवा साऱ्या शिवारात जायचे आणि लोक म्हणायचे, काय सोय झाली. मी बाजू उलटताना आप्पांकडे बघत नसे. मला ते बघवत नव्हतं.

एका दुपारी लाइट गेली. तशी ती रोजच कधीतरी जायची, पण आतापर्यंत या वेळेला गेली नव्हती. टेपमधला आवाज आधी जड झाला, मग गाळात रुतल्यासारखा खाली गेला आणि थांबला. यंत्रात सेल घालता आले असते, पण ते आप्पांनी रात्री पाणी द्यायला जाताना हातबॅटरीत घालून शेतावर नेले होते. कर्ण्याचं मशीन मात्र ट्रॅक्टरच्या बॅटरीवर होतं, कारण सप्त्यात लाइटीवर कोणी विसंबत नाही. म्हणजे माइक जिवंत होता आणि त्याच्यापुढे काहीच नव्हतं. इतकी शांतता झाली की डुलक्या घेणाऱ्या दोन्ही म्हाताऱ्या जाग्या झाल्या. दूर खळ्यावर ढोल चालू होता, तोही थांबला. नाम तुटलं की काय म्हणून तिकडच्यांनी कान दिला असणार. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ते नेहमीसारखे स्वतःपुरतं म्हणायला लागतील. नाम तुटू नये याला तेवढंही पुरलं असतं. ते म्हणाले, “सुमे, माइक हिकडं कर.”

मी म्हटलं, “आप्पा, चालू हाय तो. बॅटरीवर हाय.”

“म्हाईत हाय मला.”

मी माइक त्यांच्याकडे वळवला. आप्पांनी वीणेची तार एकदा छेडली, पुन्हा छेडली, आणि मग ते खाकरले. कर्ण्यातून ते खाकरणं साऱ्या शिवारावर गेलं. मला हसू आणि रडू एकदमच आलं. ते जरा थांबले आणि मग त्यांनी रामकृष्णहरी धरलं. आवाज सुंदर होता असं मी म्हणणार नाही. पहिलाच सूर फाटला. पण त्यांनी तो लपवला नाही, घाई केली नाही, शंकरबुवांची चाल उचलायला गेले नाहीत. आपल्याला झेपेल इतक्या खाली, वीणेच्या चालीनं, न थकता चालत राहिले. हळूहळू तो आवाज त्या दुपारला बसला. ऊन, धूळ, खळ्यावरची हळद, सगळं त्याच चालीचं होतं. म्हाताऱ्यांनी टाळ्या धरल्या. मीही धरल्या. नाम घेताना रडू नये म्हणतात, पण मी रडत होते आणि त्याची मला काही लाज वाटली नाही.

खळ्यावर काय झालं ते मायनं नंतर सांगितलं, आणि पुढे तिनं ते इतक्यांदा सांगितलं की मी तिथे होते असंच मला वाटतं. ती काहिलीजवळ होती. कर्णा बंद पडला, सगळ्यांनी माना वर केल्या, आणि मग तो आवाज आला. शेजारच्या खळ्यावरच्या बाईनं विचारलं, कोण गाऊन राहिलं गं? नवऱ्याचं नाव मायनं जन्मात घेतलं नव्हतं. ती म्हणाली, “आमचे हैत.” आणि तिथेच उभी राहिली. त्या नादात काहील उतरवायची राहिली आणि ती सगळी हळद जास्त शिजली. एरवी एवढ्या नुकसानीवरून तिनं घर डोक्यावर घेतलं असतं.

शंकरबुवाही खळ्यावरच होते. आपलाच आवाज कर्ण्यावर मध्येच बुडालेला ऐकून ते निघाले. मांडवात आले तेव्हा हात कोपरापर्यंत पिवळे, कपाळावरून घाम. आप्पांचा आवाज क्षणभर अडखळला. मला वाटलं आता हे पुढे होतील आणि आप्पा मागे सरतील, इतकी वर्षं होत आलं तसंच. शंकरबुवांनी टाळ उचलले आणि ते आप्पांच्या मागे जाऊन उभे राहिले. आप्पा म्हणतील ते झेलायला लागले, हळू, आप्पांचा आवाज झाकणार नाही असं. त्यांना तसं गाता येतं हे गावाला तोवर माहीतच नव्हतं. असं बराच वेळ चाललं, आणि लाइट आली. यंत्राचं बटण दाबलेलंच होतं, त्यामुळे टेपमधले शंकरबुवा जिथे थांबले होते तिथून एकदम गायला लागले. मांडवात एक शंकरबुवा पुढे गाणारे आणि एक मागे झेलणारे. मी उठणार एवढ्यात ते स्वतःच टेबलाशी गेले. त्यांना यंत्र माहीत नव्हतं, त्यांनी भलतंच बटण दाबलं, झाकण टपकन उघडलं आणि त्यांचा आवाज बंद झाला. ते परत आपल्या जागी, आप्पांच्या मागे गेले. पुढच्या पहाऱ्याचा माणूस आला, आप्पांनी वीणा दिली, दोघं एकमेकांच्या पाया पडले. तोवर नारायणरावही येऊन उभे होते. शंकरबुवांनी कॅसेट काढून माझ्या हातात दिली आणि त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “टेप घरी ने, बाई. दुपारला मानूस हाय आपल्याकडं.”

त्यानंतर हयात असेपर्यंत दुपारचा पहारा आप्पांनी माइकवर केला. नकला कोणी केल्या असतील तर त्या आमच्या कानावर आल्या नाहीत. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी हिंगोलीला आले, पण सप्त्याला एक दुपार तरी मी चुकवली नाही. ते माइकवर गायले त्या दिवशी संध्याकाळी घरी काय झालं तेही सांगते. येसर आमटी आणि भाकरी होती. आप्पा दोन वाट्या आमटी प्याले, हात धुतले, ओसरीवर टेकले आणि म्हणाले, तिसरी लाव. मी लावली. खाकरणं आलं तेव्हा मायनं माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. आप्पांनी न कळल्यासारखं केलं.

आप्पांचा आवाज कुठेही भरलेला नाही. त्या दुपारी टेपात जीव असता तर मी लाल बटण दाबलं असतं का, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. पण टेपात जीव असता तर ते गायलेच नसते. पुढच्या वर्षांत का भरला नाही असं मुलगा विचारतो. कोणाला सुचलं नाही. माणूस दर वर्षी उभा राहतोय म्हटल्यावर त्याला भरून ठेवावं असं मनात येत नाही. शंकरबुवांच्या नामाची ती कॅसेट माझ्याकडे आहे आणि तिच्यात वीणा आहे, पण यंत्र मोडलं आणि तसा रांजण आता कोणाच्या घरात मिळायचा नाही.

दाढीबुवा मात्र अजून आहे. ऐंशीच्या पुढे गेलाय. गेल्या महिन्यात जुईनं मोबाइलवर शोधून त्याची नवी कॅसेट, त्याला आता काय म्हणतात ते म्हणोत, मला ऐकायला दिली. मोठे कानावरचे स्पीकर तिनं माझ्या डोक्यावर चढवले, आणि खालचा सूर असा आला की मी ओसरीवरच जाऊन बसले. बोटं जरा मंदावली आहेत त्याची. काही ठिकाणी तो सूर टाकायच्या ऐवजी नुसती जागा सोडतो, आणि ती जागाही वाजते. मग मी तिला तिसरी लावायला सांगितली. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, ट्रकचं. जुई मोबाइल घेऊन शेजारी बसली होती. तो म्हातारा खाकरला तशी ती म्हणाली, आजी, हे नुसतं खोकणं आहे, गाणं पुढे आहे, आणि तिचं बोट पुढे पळवायला काचेवर गेलं. मी तिचा हात धरला.

“ते खाकरणं राहू दे,” मी म्हटलं.